माट्साबांची संध्याकाळची मराठी

"दही खट्टा होता है, भाभीजी. खट्टी नहीं."

हे म्हणताना ते उजव्या हाताचे बोट उचलायचे आणि हवेत एकदाच टोचायचे, फळ्यावर राहून गेलेला अनुस्वार द्यावा तसे. मी बोलत असायची दूधवाल्याशी, त्यांच्याशी नव्हे. पण समोरच्या ओट्यावर दाढीला साबण लावून बसलेल्या या माणसाच्या कानावर चुकीची हिंदी गेली की त्यांचा ब्रश गालावरच थांबायचा. दूधवाला हसायचा. मी पदर सारखा करून आत पळायची.

सगळी गल्ली त्यांना माट्साब म्हणायची. मास्टर साहेबाचे आमच्याकडे असे झाले आहे. टोंकखुर्दच्या सरकारी शाळेत त्यांनी जन्मभर हिंदी शिकवली. देवासहून बसने जायचे, बसने यायचे, आणि बसमध्येही लोकांची भाषा दुरुस्त करायचे. एकदा कंडक्टरने "उतरो, आपका गाँव आ गई" म्हटले, तर "गाँव आ गया" असे त्याच्याकडून म्हणवून घेतल्याशिवाय ते उतरले नाहीत. बस तोवर उभी होती, असे लोक सांगतात.

तुम्ही त्यांना सकाळच्या वेळी पाहिले असते, तर हा माणूस मराठी आहे असे तुमच्या मनातही आले नसते.

मी धारची. वडील शिंपी होते. आमच्या गल्लीजवळ तेव्हा एक मराठी शाळा होती, चौथीपर्यंतची. ती संपली तिथे माझेही शिक्षण संपले. लग्न होऊन देवासला आले, टेकरीच्या पायथ्याच्या या गल्लीत. घरात आम्ही दोघे मराठी बोलायचो. मग हे गेले, आणि घरातली मराठीही यांच्याबरोबर गेली. मुलगी नेमावरला दिली आहे. ती हिंदी शाळेत शिकली. फोनवर विचारते, "मम्मी, दवाई ली?" मी म्हणते, "ली." मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. बायका येतात, दोऱ्याचा रंग जुळवतात, जातात. माझा स्वभाव मुळात बुजरा, चार माणसांत घाम फुटतो. त्यामुळे दिवसभरात माझ्या तोंडून निघायचे ते हिंदीत, आणि तेही थोडे.

संध्याकाळी मात्र माट्साबांच्या ओट्यावर खुर्ची यायची आणि स्टीलचा पेला यायचा. पेल्यात काय आहे हे गल्लीला माहीत होते. ते लपवून पीत नसत, मिरवूनही पीत नसत. संध्याकाळ झाली की दिवा लावतात, तसे ते पेला भरायचे. गल्ली अरुंद. माझे मशीन दाराच्या आत, उजेडाला. मान वर केली की समोर ते.

दारू माणसाच्या अंगात पायऱ्यांनी चढते. हे मला कोणी शिकवले नाही, मी ते मशीनवर बसून ऐकले.

पहिल्या पेल्यात त्यांच्या हिंदीतले बाई-पुरुष बिघडायचे. दिवसभर दुसऱ्यांचे 'खट्टी'चे 'खट्टा' करणारा माणूस सुनेला हाक मारायचा, "बहू, मेरा पुस्तक कहाँ रख दिया?" हिंदीत पुस्तक ही बाई असते. मराठीत ते पुस्तक. म्हणजे खालून कोणीतरी ढकलायला लागले आहे, हे मला कळायचे.

मग कान लाल व्हायचे. थंडीतसुद्धा स्वेटर निघून खुर्चीच्या पाठीवर जायचा. आवाज मोठा व्हायचा, आणि आपण हळू बोलतो आहोत अशी त्यांची खात्री असायची. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून ते माळवीत विचारायचे, "कई हे, भिया? कई करी रिया हो?" ज्या माणसाला सकाळी नमस्कारसुद्धा तोलून मापून केला होता, त्याच्या खांद्यावर आता हात पडायचा.

आणि त्याच्या पुढच्या पायरीवर ते माझ्या दाराकडे वळायचे. "वहिनी, आज काय केलंत?"

भाभीजीची वहिनी झाली की मी मशीनचे चाक हाताने थांबवायची.

"आमटी," मी आतूनच म्हणायची.

"चिंचगुळाची?"

"हो, भावजी."

"अहाहा," म्हणून ते डोळे मिटायचे. वाटीभर पाठवली तर खायचे दोनच घास. त्यांना आमटीपेक्षा 'चिंचगुळाची' हा शब्द हवा असायचा, असे मला वाटते.

तुम्ही म्हणाल, दारू प्यालेल्या परक्या माणसाशी ही बुजरी बाई बोलायची कशी. मलाही नवल वाटते. पण त्यांची लाज उतरलेली असायची, आणि समोरच्याची लाज उतरली की आपलीही थोडी सैल होते. शिवाय मध्ये गल्ली होती. संध्याकाळी त्यांनी ती कधी ओलांडली नाही. आणि मराठी ऐकले की माझे अंगच वळायचे त्या बाजूला. मी काय करणार?

त्यांची मराठी होती जुन्या वळणाची. आई लहानपणीच गेलेली, मोठ्या बहिणीने वाढवले. तिला ते अक्का म्हणत. अक्काच्या तोंडची मराठी तेवढीच त्यांच्याकडे होती, पुढची मिळाली नव्हती. फटफटीला, फोनला, गॅसला त्यांच्याकडे मराठीच नव्हती. पण तुळशीला, पाटाला, तांब्याला होती.

"वहिनी, दिवेलागणीला सुई धरू नये. अक्का रागावेल."

"मग पोट कसं भरावं, भावजी?"

ते विचारात पडायचे. "हां. तेही आहेच. धरा मग. मी अक्काला सांगत नाही."

कधी शब्द सापडायचा नाही. "वहिनी, ते काय हो म्हणतात, दह्याचं भांडं टांगून ठेवायचं..."

"शिंकं."

"शिंकं!" आणि मांडीवर थाप. "बघा, कुठं जाऊन बसलं होतं!" मग तो शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. एकदा तर बोट वर करून मलाच म्हणाले, "मराठीत कसं बरं आहे बघा. दही आंबट, कैरी आंबट, आवळा आंबट. सगळ्यांना एकच. चुकायला जागाच नाही. हिंदीत मेलं प्रत्येक वेळी बघावं लागतं, बाई आहे का पुरुष."

"जन्मभर तेच शिकवलंत ना, भावजी?"

"म्हणूनच दमलो," ते म्हणाले.

त्याच्याही पुढे पायऱ्या होत्या. बल्ब दोन दिसतात म्हणून एक डोळा मिटून बसायचे. चपलेत पाय घालायचे, तो चपलेशेजारी जायचा. जीभ जड व्हायची, शब्द एकमेकांना चिकटायचे. आणि मग मी वहिनी राहायची नाही. "अक्का, मला भूक नाही," असे ते माझ्याकडे बघून म्हणायचे. अक्काला जाऊन किती वर्षे झाली होती कोण जाणे. तिथे मी मान खाली घालून मशीन सुरू करायची. सून बाहेर यायची, पेला उचलायची, आणि मुलगा त्यांना काखेत हात घालून आत न्यायचा. मुलगा एका कारखान्यात कामाला आहे. समजूतदार आहे, शांत आहे. त्याची आई उज्जैनची, हिंदी बोलणारी. तीही गेली. या मुलाने बापाची मराठी ऐकली ती दारूच्या वासासकटच. सकाळी 'पापा' शुद्ध हिंदीत त्याचा अभ्यास घ्यायचे आणि संध्याकाळी कळेनाशा भाषेत बडबडत पडायचे. त्याच्या कानाला मराठी म्हणजे दारू झाली होती. यात त्याचा काय दोष?

उपासाच्या दिवशी मराठी लवकर यायची. पोट रिकामे असले की दारू धावत चढते. चतुर्थीला ते साबुदाण्याला हात लावायचे नाहीत आणि पेल्याला लावायचे, त्यामुळे पहिल्या पेल्यातच "वहिनी" ऐकू यायची. जेवून बसले की फार वाट पाहावी लागायची. शेजारच्या गुड्डीची मम्मी एकदा मला म्हणाली, "क्या आंटी, पीते माट्साब हैं और मुस्कराती आप हो? असर इधर भी आ रहा है क्या?"  दोरा तोडायचा राहिला होता तो तोडला.

एका संक्रांतीला सकाळी ते दोन लाडू घेऊन दाराशी आले, आणि सरळ उभे राहून म्हणाले, "भाभीजी, मकर संक्रांति की हार्दिक शुभकामनाएँ." पंधरा ऑगस्टला भाषण करावे तसे. लाडू मशीनवर ठेवून गेले. संध्याकाळी पाहते तर ओट्याच्या पायरीवर उभे, ओंजळ पुढे केलेली. "सकाळी चुकलं, वहिनी. तिळगूळ घ्या, गोड बोला." ओंजळ रिकामी होती. मीही माझ्या उंबऱ्यातून हात पुढे केला आणि घेतल्यासारखे केले. त्यांनी नीट बघितले, मी तोंडात घातले की नाही ते.

एकदा धीर करून विचारले, "भावजी, सकाळी का नाही बोलत मराठी?"

त्यांनी पेला खुर्चीखाली ठेवला. मग म्हणाले, "शाळेत मला वरणभात म्हणायचे, वहिनी. तोंड उघडलं की वरणभात. मी 'मेरा किताब' म्हटलं की अख्खा वर्ग, 'ए वरणभात!' मास्तरही हसायचे. रडत घरी यायचो, दारावर थापा मारायचो. अक्का दार उघडायची, मला आत घेऊन मागून लावून घ्यायची, मग मराठी बोलायचं आत." त्यांनी बोट वर केले, पण टोचले नाही, तसेच धरून ठेवले. "मग अशी हिंदी शिकलो, वहिनी, अशी शिकलो की हसणाऱ्यांच्या पोरांना मी शिकवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम मराठीत म्हटले, "नळ आला का, भावजी?" ते म्हणाले, "जी, नल आ गया है, भाभीजी." आणि 'गया'वर थोडा जोर दिला.

पुढे पुढे मराठीला यायला उशीर होऊ लागला. जेवढ्या दारूत आधी ती यायची तेवढ्यात आता कानही लाल होत नसत. अंगाला सवय झाली की ते जास्त मागते. आणि आली की फार टिकायची नाही. वहिनी म्हणून दोन वाक्ये झाली की लगेच पाय जायचे, लगेच अक्का. मधली ती बोलण्याची पायरी झिजत चालली होती. सकाळी दाढी करताना हात असे थरथरायचे की साबण कानाला लागायचा. चहा बशीत ओतला तर बशी वाजायची. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या बोटाने पुसल्यासारखा दिसू लागला. मी पाहत होते. सगळी गल्ली पाहत होती. सुनेने बाटल्या फेकून पाहिल्या, मुलाने हात जोडून पाहिले.

एका दुपारी त्यांना रक्ताची उलटी झाली. रिक्षातून नेताना सुनेने किल्ली माझ्या हातात दिली आणि ती चप्पल न घालताच निघाली.

मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दवाखान्यात गेले. एवढ्या माणसांतून एकटी गेले, भिंतीला धरून धरून. डॉक्टर तरुण होते. मुलाला समजावून सांगत होते की दारू रक्तात मिसळते आणि रक्त ती डोक्यात नेते. थोडी असली की आधी डोक्याचा ब्रेक ढिला होतो, शरम जाते, माणसाला वाटते आपण मजेत आहोत. वाढली की जीभ जाते, डोळे जातात, पाय जातात. आणखी वाढली की शुद्ध जाते, आणि शेवटी श्वास. हे सगळे साफ करण्याचे काम लिवरचे, आणि यांचे लिवर आता सुकून गेले आहे. "एक घूँट भी नहीं. समझ लीजिए, अब एक घूँट ज़हर है."

मी डबा धरून उभी होते. डॉक्टरांच्या पायऱ्या आणि माझ्या पायऱ्या सारख्याच होत्या. मराठीची पायरी तेवढी त्यांच्यात नव्हती.

माट्साबांनी दारू सोडली. दवाखान्यातले पहिले दिवस फार वाईट गेले म्हणे. अंग थडथड उडायचे, भिंतीवर मुंग्या दिसायच्या. पण सोडली ती सोडलीच. घरी आले ते निम्मे होऊन. गल्लीला बरे वाटले. मलाही वाटले. खरेच वाटले.

खुर्ची संध्याकाळी पुन्हा ओट्यावर आली, पेल्यात आता पाणी. ते बसायचे, गल्लीकडे बघायचे, आणि म्हणायचे, "आज गर्मी बहुत है, भाभीजी." मी म्हणायची, "जी." मग काही नाही. मशीनचाच आवाज. संध्याकाळ इतकी मोठी असते हे मला ठाऊक नव्हते. एक दिवस मी साडीला म्हणाले, "सरक गं बाई जरा." मोठ्याने म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकून दचकले.

म्हणून मग मीच सुरुवात केली. मी कोणाशी आपण होऊन फारशी बोलत नाही, पण त्या दिवशी दारात उभी राहून म्हटले, "भावजी, आमटी केली आहे. पाठवू का?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "नहीं भाभीजी. नमक मना है."

झाले. मी आत आले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मान वर केली तर ते ओट्याच्या कडेला येऊन उभे होते. दोन्ही कान लाल. मला वाटले, पुन्हा घेतली. पण पेला खाली होता आणि त्यात पाणी होते. ते गिळल्यासारखे करीत होते. तोंड उघडायचे, मिटायचे.

"वहिनी," ते म्हणाले. मग थांबले. "आमटी... मीठ न घालता... होते का?"

"होते."

"चव?"

"चव येत नाही. पण होते, भावजी."

ते हसले. मीही हसले. केली मी तशी आमटी, बिनमिठाची. त्यांनी सगळी वाटी संपवली.

ते थोडे दिवस माझे फार चांगले गेले. दारूत त्यांची मराठी धो धो यायची. आता ती पहिल्यांदा पाय टाकणाऱ्या पोरासारखी यायची. एक वाक्य, मग दम. चुकले की बोट उचलायचे आणि स्वतःवरच टोचायचे. घाम यायचा. पण डोळे स्वच्छ होते आणि मी वहिनी होते, अक्का होत नव्हते. "वहिनी, आज... टेकरीवर... गर्दी दिसते," एवढे वाक्य पुरे झाले की आम्हा दोघांनाही डोंगर चढल्यासारखे वाटायचे.

मुलगा एक दिवस कारखान्यातून लवकर आला. फटफटी कोपऱ्यावर ठेवून चालत येत होता. बापाचा आवाज त्याने कोपऱ्यावरूनच ऐकला असणार, आणि तो मराठीत होता.

तो धावत आला. "पापा! फिर?"

माट्साब उठले. घाईत खुर्चीचा पाय अडकला आणि ते हलले. मुलाला तेवढेच पुरले. त्याने पेला उचलून हुंगला. मग बापाची हनुवटी धरली आणि तोंड हुंगले, सगळ्या गल्लीसमोर. गुड्डीची मम्मी दारात आली. मुलाच्या डोळ्यांत पाणी होते. "कहाँ छुपाई है? बता दो पापा, कौन लाकर देता है?"

 रागाने माट्साबांना हिंदी सुचेना. "मी प्यालो नाही!" ते ओरडले. "अरे, नाही प्यालो मी!"

ते मराठीत ओरडले, आणि सगळे आणखी बिघडले.

तेव्हा मी बाहेर आले. गल्लीच्या मधोमध.  मी म्हणाले, "बेटा, नहीं पी है उन्होंने. पानी है."

"आंटी, आप रहने दो," मुलगा म्हणाला. उद्धटपणे नाही, दमून म्हणाला. "मराठी बोल रहे हैं. सुनाई नहीं दे रहा आपको?"

माट्साबांनी माझ्याकडे पाहिले. मग हनुवटी सोडवून घेतली, सदरा नीट केला, आणि अगदी स्वच्छ, तोलून मापून म्हणाले, "मैंने नहीं पी है, बेटा. अंदर चलो." मुलगा चपापला. वास नव्हताच. आत त्याने कपाट शोधले, माळा शोधला, काही मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बापाची माफीही मागितली, असे सून म्हणाली.

पण ओट्यावर त्यानंतर "वहिनी" आली नाही. माट्साब बसायचे, पाणी प्यायचे, "भाभीजी, नमस्ते" म्हणायचे. कान पांढरे असायचे. थंडी आली तशी खुर्ची आत गेली.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी समोरून मराठी ऐकू आली. सकाळी! मी दूध तसेच सोडून दाराशी आले. माट्साब पलंगावर बसून भराभर बोलत होते, सदऱ्याची बटणे लावत आणि काढत. जीभ जड. सुनेला ओळखत नव्हते. मुलगा कपाळाला हात लावून बसला होता. त्याने पुन्हा दवाखान्यात नेले, आणि नेताना त्याला वाटत होते की कोणीतरी पाजलीच.

पुढचे मला त्यानेच सांगितले. दवाखान्यात रक्त तपासले. डॉक्टर म्हणाले, दारूचा थेंबही नाही. लिवर रक्त साफ करू शकत नाही, ती घाण डोक्यात चढली आहे, त्यामुळे असे होते. दिसते दारूसारखेच. मुलाने विचारले, "शराब नहीं है, तो मराठी क्यों बोल रहे हैं?"

डॉक्टरांना तो प्रश्न कळलाच नाही म्हणे.

संध्याकाळी तो माझ्या दाराशी उभा राहिला. फटफटी चालूच होती. "आंटी, चलोगी? बस एक ही बात बोल रहे हैं सुबह से. दारू माँग रहे हैं. अब भी. आप सुन लो एक बार."

मी त्याच्या मागे बसून गेले. माट्साब इतकेसे दिसत होते. पोट मोठे, हात काड्या. डोळे अर्धे मिटलेले. ओठ हलत होते.

"सुना?" मुलगा म्हणाला. "दारू, दारू."

मी वाकले. शब्द एकमेकांना चिकटलेले होते, पण ते चिकटलेले शब्द ऐकायची माझ्या कानाला सवय होती. "अक्का, दारुघड. दारुघड, अक्का."

 मी पलंगाच्या कडेला बसले.

"दारू नहीं, बेटा," मी म्हणाले. "दार. दार उघड. दार म्हणजे दरवाज़ा. दीदी से कह रहे हैं, दरवाज़ा खोल."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मग बापाकडे. आवाज अगदी लहान करून त्याने विचारले, "'खुला है' कैसे बोलते हैं?"

मी सांगितले.

तो बापाच्या कानाशी वाकला. त्याच्या तोंडात ते नीट बसेना. "पापा, दार... उघडा आहे."

माट्साबांचे ओठ थांबले. डोळे उघडले नाहीत. पण चादरीवरचे उजवे बोट हलले, थोडे वर आले, थरथरत राहिले, आणि हवेत एकदा टोचले.

"उघडं," ते म्हणाले.

मुलाने पुन्हा म्हटले, "उघडं." मग दोन्ही हातांनी ते बोट धरले.

माट्साब त्यानंतर पुन्हा 'दार उघड' म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

मुलाने पुढे इंदूरला नोकरी धरली. समोरच्या घराला कुलूप आहे. ओट्यावर आता गुड्डीची मम्मी पापड वाळत घालते. मुलगी फोन करते, "मम्मी, दवाई ली?" मी म्हणते, "ली."

दूधवाला रोज सकाळी येतो, भांडे पुढे केले की विचारतो, कालचे दही कसे होते. मी म्हणते, "कल की दही खट्टी थी, भैया." मुद्दाम म्हणते, आणि जरा मोठ्याने. मग समोर बघत थोडी थांबते. दूधवाल्याला वाटते मी अजून काही मागणार आहे, म्हणून तोही थांबतो.